वायर कुणी काढायची न्हाय

१

महांतेशच्या नेट कॅफेत पाय ठेवायला जागा नव्हती. पाणंद तालमीची झाडून सारी पोरं दारात, पायरीवर, झेरॉक्सच्या मशिनला टेकून उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एकाच स्क्रीनवर लागले होते. कृष्णातनं माउस फिरवला, फोल्डर उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग मान वर न करताच तो म्हणाला, "व्हिडिओ न्हाय."

"न्हाय म्हंजे?" गणपतराव निकम खुर्चीतून उठले.

"न्हाय म्हंजे न्हाय, वस्ताद. गाणी हायत, फोटो हायत, बहिणीच्या साखरपुड्याचं शूटिंग हाय. मॅचचा तेवढा गायब झालाय."

गणपतरावांनी स्वतः स्क्रीनजवळ वाकून बघितलं. तालमीचे अध्यक्ष ते. पेंडीचं दुकान पोराच्या गळ्यात टाकून दिवसभर तालमीच्या कट्ट्यावर बसणारा माणूस. पेठेत दोन घरांत भांडण लागलं तरी आधी त्यांच्याकडं येणार, मग बाकीच्यांकडं. पण कालपासून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. थोरल्या पोरानं, सयाजीनं, दुपारी किटलीतून उसाचा रस आणून पाजला तेवढाच काय तो पोटात. घटकाभर बरं वाटलं होतं त्या गार रसानं.

झालं होतं ते वाईटच. काल फुटबॉलची फायनल होती, चिंच गल्ली तालमीबरोबर. २००९ चा तो सीझन. उन्हानं डोकी आधीच तापलेली. पंचानं पाणंदची पेनल्टी नाकारली आणि आपल्या पोरांच्या गॅलरीतून एक दगड सुटला. तो थेट चिंच गल्लीच्या गोलकीपरच्या, उमाजीच्या, डोळ्यावर. विशीचं पोर हातांनी तोंड झाकून खाली बसलं, आणि बोटांतून रक्त यायला लागल्यावर अख्खं मैदान गप्प झालं. डॉक्टर म्हणाले, डोळा राहील असं सांगता येत नाही.

फौजदार रात्रीच येऊन सांगून गेले होते. "वस्ताद, दगड तुमच्या पोरांतनं आलाय. उद्याच्या दिवसात मला नाव पायजे. नाहीतर मी माझ्या पद्धतीनं पोरं उचलणार."

कृष्णातकडं नवा स्मार्टफोन होता, दुबईच्या मामानं पाठवलेला. मॅचचं शूटिंग त्यानं समोरच्या बाजूनं केलं होतं. त्यात दगड मारणारा हात दिसत होता, अंगातली काळी-पिवळी जर्सी दिसत होती, पण एवढ्याशा स्क्रीनवर तोंड काही ओळखू येईना. कॉम्प्युटरवर मोठं करून बघायचं ठरलं. दुपारी फोन आणून महांतेशच्या मशिनला वायरनं जोडला आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली. लोडशेडिंग.

तेव्हा गणपतरावांनी फर्मान काढलं होतं. "आता सांजच्याला सगळ्यांच्या म्होरं बघायचं. तालमीतली गोष्ट हाय, चार-दोघांत चोरून बघायची न्हाय. फोन हितंच ऱ्हाईल, वायर कुणी काढायची न्हाय."

कुणी काढलीही नव्हती. फोन तसाच टेबलावर, वायरीला बांधल्यासारखा पडून होता. आणि आतला व्हिडिओ गेला होता.

"दुपारी कोण कोण आलतं हितं?" गणपतरावांनी विचारलं.

मग दारातून सयाजी पुढं आला. "आबा, वाईट वाटतंय सांगायला. लाईट न्हवती तवा मी हिकडं आलतो. आदर्श बसला हुता. एकटाच. फोन हातात हुता त्येच्या."

२

आदर्श मागं भिंतीपाशी उभा होता. सगळ्या माना वळल्या तसा तो पांढरा पडला.

"बसलेलो," तो म्हणाला. "महांतेशदा जेवाय आत गेलते, म्हणले जरा बस. फोनला बोट लावलं न्हाय म्या."

"मग सयाजी खोटं बोलतूय व्हय?"

आदर्शनं सयाजीकडं बघितलं. एका गल्लीतली, एका वर्गातली पोरं. दोघांनी पहाटे उठून बरोबर रनिंग केलेलं. सैन्यभरतीला गेल्या हिवाळ्यात दोघं बरोबर उतरले. सयाजी धावण्यातच बाद झाला, आदर्श मेडिकलसुद्धा पास झाला. आता नुसता कॉल यायचा होता आणि पोलिसांचा दाखला तेवढा राहिला होता. "तो का असं म्हणतूय मला म्हाईत न्हाय," एवढंच तो म्हणाला.

त्याच्यावर संशय आधीपासून होता, हे काही गणपतरावांपासून लपलेलं नव्हतं. मॅचच्या आदल्या दिवशी त्याची आणि उमाजीची चांगलीच जुंपली होती. गॅलरीत तो त्याच बाजूला उभा होता. आता पुरावाही त्याच्याच हातून गेला. ज्यानं दगड मारला त्यानंच व्हिडिओ उडवला, याला काय मोठी अक्कल लागते? गणपतरावांनी ते बोलूनही दाखवलं, सगळ्यांदेखत. "ज्यानं ह्यो व्हिडिओ काढून टाकला, त्यानंच दगड मारला. त्येचं नाव मी फौजदाराला देणार. मग तो कुणाचा का पोरगा आसंना."

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि तानाबाई आत आल्या. आदर्शची आई. नवरा गेल्यावर गडमुडशिंगीहून पोराला घेऊन पेठेत आलेली, चार घरची धुणीभांडी करून त्याला वाढवलेली बाई. कुणीतरी जाऊन त्यांना सांगितलं असणार.

"वस्ताद," त्या म्हणाल्या, "पोलिस केस झाली तर माझ्या पोराची भरती गेली की."

"ताई, त्या पोराचा डोळा गेलाय."

"त्येचं मला वाईट न्हाय वाटत व्हय? पन ह्यानं केलं न्हाय. माझा पोरगा माझ्याशी खोटं बोलत न्हाय."

"सगळ्या आयांचं आसंच आसतंय," गणपतराव म्हणाले, आणि म्हणताक्षणी त्यांना स्वतःलाच ते लागलं. बाई खाली मान घालून तिथंच पायरीवर बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

विषय बदलावा म्हणून की काय, महांतेश मध्येच बोलला. "ह्या मशिनीचं बी डोकं फिरलंय बगा. फोनात बगितलं तर दीड जीबी जागा मोकळी दावतंय, आन् ह्यो कॉम्प्युटर म्हणतूय एकच जीबी. एकच मेमरी कार्ड हाय, दोन हिशोब कसलं?"

हे ऐकून पोरं उलट त्याच्यावरच उखडली. "तुझंच डबडं खराब. व्हिडिओ बी त्येनंच खाल्ला आसंल." दुसरा म्हणाला, "चिंच गल्लीवाले तुझ्याकडंच पोस्टर छापत्यात न्हवं? किती दिलं त्यांनी?" महांतेश हत्तरकी, नेसरीकडचा, अंगानं किरकोळ माणूस. तो मागं सरकत भिंतीला जाऊन टेकला. एका पोरानं टेबलावर वाकून वायरीला हात घातला. "ह्ये काढून टाका, दुसरीकडं लावून बगू."

"वायर काढू नका."

आवाज मागच्या दारातून आला होता. हात पुसत शांभवी उभी होती, महांतेशची बायको. पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवायची आणि पेठेतली अर्धी पोरं तिच्या हाताखालून गेलेली. वायरीला लावलेला हात आपोआप मागं आला.

"दोन आकडे वेगळे का आहेत, ते कळल्याशिवाय कुणी त्या वायरीला शिवायचं नाही," ती म्हणाली. "आणि वस्ताद, तुम्ही आदर्शचं नाव द्यायची जरा घाई करताय."

३

गणपतराव चिडले. बाईमाणसानं भर सभेत असं बोललेलं त्यांना सोसत नसे. पण त्यांच्याच घरच्या रेशनकार्डाचा अर्ज कॉम्प्युटरवर टाईप करायचं काम हिनंच करून दिलं होतं, त्यामुळं शब्द आवरला. "बोला मास्तरीणबाई. कॉम्प्युटर खोटं का बोलतूय, सांगा."

"तो खोटं बोलत नाही. तो जुनं बोलतोय," शांभवी म्हणाली. "कृष्णात, मॅचचा व्हिडिओ केवढा होता?"

"लांब हुता, वहिनी. अर्ध्या जीबीच्या आसपास."

"आणि दोन आकड्यांत फरक केवढा?"

कृष्णातनं स्क्रीनकडं बघितलं, फोनकडं बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "तेवढाच की."

दुकानात कुजबुज झाली. गणपतरावांना अजून काही उमगलं नव्हतं. व्हिडिओ तर गेला, मग त्याची जागा अजून कुणी अडवून ठेवली?

"बघा हं." शांभवीनं फोन वायरीसकट हातात घेतला. "हा फोन वायरीला असला तरी चालू राहतो, बटणं दाबली की कामं करतो. मी आता तुमचाच एक व्हिडिओ काढते." तिनं फोन सगळ्यांवरून एकदा फिरवला. मग स्क्रीनकडं बोट दाखवलं. "फोनातली जागा थोडी कमी झाली. कॉम्प्युटरवरचा आकडा हलला?"

"न्हाय."

"आता तो व्हिडिओ मी फोनातूनच काढून टाकते. फोनातली जागा परत वाढली. कॉम्प्युटर?"

"हाय तसाच."

"कारण वायर जोडली की कॉम्प्युटर फोनला एकदाच विचारतो, बाबा, तुझ्याकडं मोकळी जागा किती? फोन सांगतो. तो आकडा कॉम्प्युटर धरून बसतो. पुढं फोनात कुणी काही घातलं, काही काढलं, तर फोल्डर उघडल्यावर यादी नवी दिसते, पण जागा किती ते हा परत विचारत नाही. हा फोन आणि हे मशिन तरी असंच वागतंय, तुमच्या डोळ्यांसमोर आहे." ती थांबली. "म्हणून म्हटलं वायर काढू नका. काढून परत लावली असती तर त्यानं नव्यानं विचारलं असतं, आकडे जुळले असते, आणि सगळं मिटलं असतं."

गणपतरावांनी खुर्चीत बूड टेकलं. त्यांना गोष्ट हळूहळू कळायला लागली होती. "म्हंजे कॉम्प्युटर सांगतूय, मी विचारलं तवा व्हिडिओ फोनातच हुता."

"बरोबर बोललात. आणि काढला तो फोनाची बटणं दाबून. कॉम्प्युटरवरून काढला असता तर कॉम्प्युटरला कळलं असतं, आकडा वाढला असता."

"पन म्हंजे काय झालं?" सयाजी म्हणाला. "आदर्शच्या हातात फोनच हुता की. म्या सांगितलंय तेच झालं न्हवं?"

पोरांनी माना डोलावल्या. तानाबाईंनी पायरीवरून वर बघितलं. शांभवी नवऱ्याकडं वळली. "अहो, यूपीएसची बॅटरी आणायला सांगून किती दिवस झाले?"

महांतेश ओशाळला. "आनतो म्हणलंय की. आता हे सगळ्यांच्या म्होरं कशाला?"

"कारण तुम्ही आणली नाहीत म्हणून आज एका पोराचं आयुष्य वाचणार आहे."

४

"लाईट गेली तेव्हा हे मशिन पण बंद पडलं," शांभवी म्हणाली. "दुपारी वायर लावताना जे काय विचारलं होतं, ते सगळं गेलं त्याच्या डोक्यातून. लाईट आल्यावर मशिन नव्यानं सुरू झालं. कुणी सुरू केलं?"

"म्याच," महांतेश म्हणाला. "चालू करून फोन दिसतोय का तेवढं बगितलं. दिसला. मग मागं गेलतो."

"म्हणजे त्यानं फोनला जे विचारलं ते लाईट आल्यावर. आणि त्या वेळी व्हिडिओ फोनात होता. लोडशेडिंग चालू असताना या दुकानात कुणी का बसेना, त्यानं व्हिडिओ काढलेला नाही. काढला तो लाईट आल्यानंतर." तिनं आदर्शकडं बघितलं. "तू केव्हा गेलास?"

"लाईट यायच्या आधीच. मुडशिंगीला मामाकडं जायचं हुतं. जाताना गुंडूकाकास्नी हाक मारली, म्हटलं दुकानाकडं ध्यान ठेवा."

गुंडू दारातच उभा होता. शेजारची रसवंती त्याची. "खरं हाय," तो म्हणाला. "लाईट न्हवती, बाकड्यावर पडलो हुतो. ह्यो पोरगा सायकलवरनं गेला. लाईट मागनं आली."

तानाबाईंनी पदर तोंडाला लावला. आता मात्र त्या रडल्या. आदर्श जाऊन आईजवळ पायरीवर बसला. गणपतरावांना त्यांच्याकडं बघवेना. घडीभरापूर्वी आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवत होतं.

"मग कोण?" कुणीतरी मागून विचारलं.

आता एकेकाची पाळी आली. शांभवीनं आधी स्वतःच्या नवऱ्याला धरलं. "तुम्ही मागं गेलात ते कशाला?"

"कशाला म्हंजे? पाण्याची मोटर लावाय. लाईट आली की पयलं काम त्येच न्हवं? पाईपच निसटला, डोक्यापासनं भिजलो. सगळी गल्ली दात काढत हुती."

ते सगळ्यांनी बघितलं होतं. लाईट आली की पेठेतला प्रत्येक माणूस आधी मोटरीकडं धावतो. पाणी किती वेळ टिकेल याचा भरवसा नसतो. कृष्णातही त्या वेळी घरी पाईप धरून उभा होता. साखरपुड्याचे पाहुणे अजून घरात, आई डोक्यावर बसलेली, चार शेजारणी साक्षीला. म्हणजे लाईट आल्यावर थोडा वेळ तरी दुकानात कुणी नव्हतं. दार उघडं, मशिन चालू, फोन टेबलावर.

"ज्याला हे माहीत होतं तोच आत आला," शांभवी म्हणाली. "गल्लीतलाच माणूस. लाईट आली की दुकान रिकामं होतं हे परक्याला ठाऊक नसतं. लाईट आल्यानंतर इथं कोण आलं होतं?"

कुणी हात वर केला नाही.

"सयाजी, तू?"

"म्या सांगितलं की. लाईट न्हवती तवा आलतो. आदर्श बसलेला बगितला आन् तसाच माघारी घरी गेलतो. परत फिरकलोच न्हाय हिकडं." बोलताना त्याचा हात कॉलरकडं गेला. उकडत होतं, सगळेच कॉलर सैल करत होते.

"गुंडूकाका, तुम्ही शेजारीच. कुणी दिसलं?"

गुंडूनं उत्तर द्यायला उशीर केला. त्याची नजर एकदा गणपतरावांवर आली आणि लगेच खाली जमिनीवर गेली. "न्हाय बा. लाईट आली तशी गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. किटल्या घेऊन आलती पोरं. कोण आलं कोण गेलं, सांगता न्हाय यायचं."

गुंडू गणपतरावांचा बालमित्र. आखाड्यात एकाच मातीत लोळलेले दोघं. तो खोटं बोलायला लागला की खाली बघतो हे गणपतरावांइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? आणि खाली बघायच्या आधी त्यानं बघितलं होतं ते त्यांच्याकडं.

का बघितलं?

५

उत्तर आलं.

किटली. किटलीतला रस. दुकानातून गणपतराव घरी गेल्यावर सयाजीनं स्वतःच्या हातानं पेल्यात ओतला होता, वर फेस होता, बर्फाचे खडे तरंगत होते. "आबा, घ्या, कालपासनं काय खाल्लं न्हाईसा," म्हणाला होता. गणपतरावांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला होता. केवढं लक्ष आहे बापाकडं, असं त्यांना वाटलं होतं.

गुंडूचा घाणा मोटरीवरचा. लाईट नसली की गुंडू बाकड्यावर झोपतो.

मग लोडशेडिंगमध्ये घरी आलेल्या आणि परत न फिरकलेल्या पोराच्या हातात ताजा रस आला कुठून?

त्यांनी डोळे मिटले. दुसरं काहीतरी असेल. दुसऱ्या पेठेतून आणला असेल. पण किटली गुंडूचीच होती, कडीला पिवळी चिंधी बांधलेली. ती त्यांच्या घरच्या ओट्यावर आत्ताही पालथी घातलेली असेल. डोकं कितीही फिरवलं तरी हिशोब त्याच जागी येऊन थांबत होता. हा रस त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हता. गुंडू बोलणार नाही, हे त्यानं आत्ताच दाखवून दिलं होतं. शांभवीकडं यापुढं विचारायला काही उरलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

गप्प बसलं की झालं. आदर्श सुटला आहे. व्हिडिओ गेलाच आहे. फौजदाराला सांगायचं, साहेब, नाव नाही मिळालं. चार पोरं उचलतील, दोन दिवसांनी सोडतील. सयाजीची आई घरी भाकऱ्या थापत असेल.

त्यांनी सयाजीकडं बघितलं. सयाजी त्यांच्याकडंच बघत होता. बापाच्या डोळ्यांत काय आलं आहे ते त्या पोरानं ओळखलं होतं, आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरत चालला होता. लहानपणी काच फोडून आला की असाच बघायचा. तेव्हा गणपतराव काचेचे पैसे भरून यायचे आणि घरात कुणाला सांगायचे नाहीत. आता डोळ्याची भरपाई कुठल्या दुकानात मिळणार होती?

"गुंडू," ते म्हणाले. "लाईट नसताना तू रस काढतोस?"

गुंडू दचकला. "वस्ताद, जाऊ द्या की आता."

"काढतोस का?"

"न्हाय. घाणा मोटरीवर हाय. तुमास्नी म्हाईतच हाय की."

"दुपारी माझ्या घरात रस आलता," गणपतराव म्हणाले. "बर्फ घातलेला, ताजा. म्याच प्यालो. सयाजीनं आणलता."

कृष्णातनं माउसवरचा हात काढून घेतला. शांभवीनं तोंडावर हात ठेवला. तिलाही हे अपेक्षित नव्हतं, हे तिच्या डोळ्यांतून कळत होतं. कुणीतरी "अरं देवा" म्हणालं.

"आबा, दुसरीकडनं आणलता," सयाजी म्हणाला.

"सयाजी."

"खरंच, आबा."

"गुंडू, खाली बगू नगंस. माझ्याकडं बग आन् सांग."

गुंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. "आलता, वस्ताद. लाईट आल्यावर. ह्या दुकानातनं भाईर आला आन् किटली मागितली. म्या म्हटलं काय रं, घाम का फुटलाय? म्हणाला, उकडतंय."

सयाजी झेरॉक्सच्या मशिनला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. "पंचाकडं फेकला हुता, आबा. आईच्यान सांगतो. पंचाला लागंल म्हणून फेकला, त्यो मधी आला. मला कुणाचा डोळा फोडायचा न्हवता."

"आन् आदर्शचं नाव?"

हे विचारलं तानाबाईंनी. पायरीवरून उठल्या होत्या, पण आवाज चढला नव्हता. त्या शांत आवाजानं सयाजी आणखीच आक्रसला.

"त्यो सकाळी पळाय जातो, मावशी," तो म्हणाला. "रोज. माझ्या दारावरनं. म्या बाद झालो तरी त्यो रोज हाक मारतो, चल म्हणतो. मला त्ये सोसत न्हवतं."

सगळ्यांना वाटलं आदर्श आता उठून मारणार. तो उठला, सयाजीच्या समोर उभा राहिला आणि आईचा हात धरून बाहेर निघून गेला.

गणपतरावांना वाटलं, मारलं असतं तर बरं झालं असतं.

६

पोलिस ठाण्यापर्यंत चालत जायचं म्हटलं तर फार लांब नाही, पण त्या संध्याकाळी गणपतरावांना रस्ता संपेना. सयाजी दोन पावलं मागं चालत होता. तालमीची पोरं येतो म्हणाली होती. त्यांनी कुणाला येऊ दिलं नाही. वाटेत ओळखीच्या माणसांनी "काय वस्ताद, कुठं निघाला?" विचारलं, त्यांना "जरा काम हाय" म्हणून पुढं गेले.

चौकात सयाजी थांबला. "आबा, घरी जाऊन आईला सांगून येऊ?"

"न्हाय," गणपतराव म्हणाले. "घरात गेलो तर माझ्यानं परत भाईर निघवायचं न्हाय."

सयाजी परत मागं चालायला लागला.

ठाण्यात फौजदार नव्हते, फेरीवर गेले होते. टेबलाशी चष्मा लावलेला एक हवालदार बसला होता, नवीन असावा. त्यानं गणपतरावांना ओळखलं नाही. ओळखीचा असता तर त्यानं खुर्ची दिली असती, चहा सांगितला असता, आणि गणपतरावांना त्यातलं काहीच नको होतं.

"बोला, पावणं."

"कालच्या मॅचमधल्या दगडाचं नाव द्यायला आलोय. पोरगं बी संगती आणलंय."

हवालदारानं चष्म्यावरून सयाजीकडं बघितलं, मग कागद पुढं ओढला. "माहिती देणाऱ्याचं नाव?"

"गणपतराव बापूसाहेब निकम."

त्यानं लिहून घेतलं. लिहिणं सावकाशीचं होतं. "आता आरोपीचं नाव. पूर्ण सांगा. स्वतःचं, बापाचं, आडनाव."

मागं सयाजीचा हुंदका आला. हवालदारानं पेन टेकवून ठेवलं होतं. वर बघितलं नाही.

"सयाजी," ते म्हणाले. "सयाजी गणपतराव निकम."

पेन दोन शब्द चाललं आणि थांबलं. हवालदारानं वरची ओळ वाचली, खालची वाचली. मग चष्मा काढला, कोपऱ्यातली खुर्ची स्वतः उचलून आणली आणि गणपतरावांच्या मागं ठेवली.

"बसा," तो म्हणाला. "पत्ता एकच लिहू न्हवं दोघांचा?"